तीस अंश, पण कुठून?

(शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्षमहोदय, शिक्षक सहकारी आणि विद्यार्थीमित्रहो,

आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘सदिशांच्या दिशा : वर्णन आणि रूपांतर’ असे भारदस्त शीर्षक छापले आहे, आणि रूपांतराची एक सोपी पद्धत वक्ते सांगतील असे त्याखाली आश्वासनही दिले आहे. ते आश्वासन आयोजकांनी माझ्या वतीने दिलेले असले तरी ते पाळण्याची माझी तयारी आहे. मात्र औषध देण्याआधी आजार कुठे आहे हे सांगणे आवश्यक असते, आणि या आजाराविषयी मला बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असल्यामुळेच त्यांतले काही जण दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले मला इथून दिसत आहेत.

परिमाण आणि दिशा या दोन्ही गोष्टी असलेली राशी म्हणजे सदिश, ही व्याख्या आपणा सर्वांना पाठ आहे. परंतु या दोहोंना आपण सारखी वागणूक देत नाही. परिमाण लिहिताना एकक राहिले तर आपण लाल शाईने गोल करतो, अर्धा गुण कापतो आणि ‘पन्नास काय? मीटर, किलोमीटर की न्यूटन?’ असा टोमणाही मारतो. दिशेच्या जागी मात्र विद्यार्थ्याने नुसते ‘३७°’ लिहिले तर आपण समाधानाने बरोबरची खूण करून पुढे जातो. ‘सदतीस अंश कुठून?’ असे कोणी विचारत नाही. आज माझे म्हणणे एवढेच आहे की संदर्भ नसलेला कोन हे एकक नसलेल्या लांबीइतकेच अपुरे विधान आहे, आणि दिशांच्या रूपांतरात विद्यार्थ्यांची जी तारांबळ उडते तिचे मूळ त्रिकोणमितीत नसून या अपुरेपणात आहे.

एखादी दिशा पूर्ण सांगायची तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणत्या रेषेपासून मोजायला सुरुवात केली, कोणत्या बाजूला वळलो, आणि किती वळलो. यांपैकी आपण तिसरी गोष्ट तेवढी लिहितो आणि पहिल्या दोन वाचणाऱ्याच्या सद्भावनेवर सोडून देतो. शिवाय चौथीही एक गोष्ट आहे, ती म्हणजे बाणाचे टोक आपण सांगतो आहोत की त्याचे शेपूट. हा चौथा मुद्दा आता ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण वाऱ्याच्या विषयाकडे आलो की तो आपोआप समोर उभा राहील.

आता गाऱ्हाणे. एका परीक्षेत प्रश्न असा होता : एक व्यक्ती पूर्वेकडे ३० मीटर चालते आणि नंतर उत्तरेकडे ४० मीटर चालते, तिचे एकूण विस्थापन सांगा. प्रश्न इतका जुना आहे की ती व्यक्ती आतापर्यंत निवृत्त झाली असावी. परिमाण ५० मीटर येते, आणि नमुना उत्तरात दिशा दिली होती ‘पूर्वेकडून उत्तरेला ५३°’. एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘५० मीटर, उत्तरेकडून पूर्वेला ३७°’. शून्य गुण. दुसऱ्या विद्यार्थ्याने लिहिले, ‘५० मीटर, उत्तरेकडून पूर्वेला ५३°’. पूर्ण गुण.

श्रोत्यांतून हसू येते आहे ते शिक्षकांचे आहे. विद्यार्थी अजून हिशेब करत आहेत, त्यांना क्षणभर वेळ देऊ. पूर्व आणि उत्तर यांच्यामध्ये काटकोन आहे. पूर्वेपासून उत्तरेच्या बाजूला ५३° वळले काय, किंवा उत्तरेपासून पूर्वेच्या बाजूला ३७° वळले काय, आपण एकाच रेषेवर येऊन उभे राहतो. म्हणजे त्या मुलीचे उत्तर नमुना उत्तराशी तंतोतंत जुळणारे होते, फक्त तिने मोजणी दुसऱ्या भिंतीपासून केली होती. त्या मुलाच्या उत्तराप्रमाणे चालत गेलो तर मात्र आपण पूर्वेला ४० मीटर आणि उत्तरेला ३० मीटर अशा ठिकाणी पोहोचतो, आणि ते ठिकाण खऱ्या मुक्कामापासून सुमारे १४ मीटर दूर आहे. पन्नास मीटरच्या प्रवासात चौदा मीटर चुकलेल्याला पूर्ण गुण आणि अचूक पोहोचलेलीला भोपळा, असा तो न्याय होता.

मी परीक्षकांना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की नमुना उत्तरात त्रेपन्न आहे आणि मुलीच्या उत्तरपत्रिकेत त्रेपन्न नाही. हे विधान निर्विवाद सत्य होते. मी आकृती काढून दाखवली, तेव्हा त्यांनी आकृती सुबक असल्याचे मान्य केले. मग प्रकरण नियामकांकडे गेले. तिथे बराच खल होऊन निर्णय झाला की विद्यार्थ्यांचे हित लक्षात घेता दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. त्या निर्णयाने मुलीला गुण मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु एकमेकांना छेद देणारी दोन विधाने एकाच शिक्क्याखाली बरोबर ठरली, आणि ‘दिशा कशीही लिहा, कोणी वाचत नाही’ हा धडा एका संपूर्ण तुकडीने घेतला, याचे दुःख आजही गेलेले नाही. त्या परीक्षकांवर वैयक्तिक राग धरण्यातही अर्थ नाही. त्यांनाही कोणीतरी असेच शिकवले होते : आकडा जुळवा.

यात त्या बिचाऱ्या तीन-चार-पाचच्या त्रिकोणाचाही थोडा दोष आहे. त्याचे दोन लघुकोन साधारण ३७° आणि ५३°, दोघांची बेरीज नव्वद. त्यामुळे एका संदर्भरेषेवरून दुसरीवर उडी मारली की एकाचा दुसरा होतो, आणि दोन्ही आकडे इतके ओळखीचे असतात की चूक झाली तरी चेहऱ्यावरून कळत नाही. पण त्याहून मोठा गुन्हेगार मला वाटतो तो पंचेचाळीस अंशांचा कोन. दिशा शिकवताना आपल्याला तो फार आवडतो, कारण आकृती देखणी येते आणि साइन व कोसाइन यांच्या किमती सारख्या असल्यामुळे आकडेमोड सोपी होते. नेमक्या याच कारणासाठी तो या विषयातला सर्वांत निरुपयोगी नमुना आहे. पूर्वेकडून उत्तरेला पंचेचाळीस म्हणा किंवा उत्तरेकडून पूर्वेला पंचेचाळीस म्हणा, दिशा तीच, ईशान्य. साइनच्या जागी कोसाइन घातला तरी घटक, म्हणजे सदिशाचे पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे भाग, तेच. गणिताच्या रीतीने मोजा किंवा नकाशाच्या रीतीने मोजा, आकडासुद्धा तोच. ज्या उदाहरणात प्रत्येक चूक बरोबर उत्तर देते ते उदाहरण फळ्यावर काढून आपण विचारतो, ‘समजले ना?’, आणि वर्ग एकमुखाने हो म्हणतो. माझी शिक्षकांना विनंती आहे की पहिले उदाहरण वीस अंशांचे घ्या. म्हणजे चुकणाऱ्याला चुकण्याची प्रामाणिक संधी तरी मिळेल.

गणिताची रीत आणि नकाशाची रीत असा उल्लेख मी केला, त्याचा खुलासा करतो. गणितात शून्य अंश म्हणजे क्ष-अक्षाची धन दिशा, आणि कोन वाढतो तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट, म्हणजे क्ष-अक्षाकडून य-अक्षाकडे जवळच्या वाटेने. नकाशावर पूर्व उजवीकडे व उत्तर वर धरली तर पूर्व शून्य, उत्तर नव्वद, पश्चिम एकशे ऐंशी आणि दक्षिण दोनशे सत्तर. नाविक, वैमानिक आणि भूमापक मात्र शून्य अंश उत्तरेला ठेवतात आणि काट्यांच्या दिशेने मोजतात, म्हणून त्यांची पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी आणि पश्चिम दोनशे सत्तर. या कोनाला दिगंश म्हणतात, आणि तो बोलताना ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून तिन्ही अंक उच्चारण्याची पद्धत आहे. पंचेचाळीस न म्हणता ‘शून्य-चार-पाच’. दोन्ही रीतींत दक्षिण आणि पूर्व यांची काय गत होते पाहा : दक्षिण एका ठिकाणी २७० तर दुसऱ्या ठिकाणी १८०, आणि पूर्व एका ठिकाणी शून्य तर दुसऱ्या ठिकाणी ९०. वायव्य दिशा गणितात १३५ आणि नकाशात ३१५. यांतला कोणताही आकडा एकटा लिहिला तर तो कोणाचा आहे हे सांगता येणार नाही.

या दोहोंमधले रूपांतर एका वजाबाकीचे आहे : नव्वदातून एका रीतीचा कोन वजा करा, दुसऱ्या रीतीचा मिळतो, उत्तर ऋण आले तर ३६० मिळवा. दिगंश १२० असेल तर नव्वद वजा एकशे वीस म्हणजे −३०, त्यात ३६० मिळवले की ३३०. उलट जायचे असेल तर नव्वद वजा तीनशे तीस म्हणजे −२४०, त्यात ३६० मिळवले की पुन्हा १२०. जाण्याचे आणि येण्याचे सूत्र एकच कसे, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडायला हवा. याचे कारण असे की एका रीतीतून दुसरीत जाणे म्हणजे ईशान्य-नैऋत्य रेषेवर आरसा उभा करून प्रतिबिंब पाहण्यासारखे आहे, आणि प्रतिबिंबाचे प्रतिबिंब म्हणजे मूळ वस्तू. आरशावरच्या बिंदूंचे प्रतिबिंब तिथेच राहते. म्हणून ४५ आणि २२५ हे दोनच कोन दोन्ही रीतींत सारखे आहेत. माझ्या आवडत्या गुन्हेगाराची अशी ही गणिती साक्ष.

काही रीतींमध्ये संदर्भरेषा स्थिरही नसते. ‘दहा वाजता दुसरे विमान आहे’ असे एका वैमानिकाला सांगितले जाते तेव्हा त्याच्या विमानाचे नाक म्हणजे बारा आणि एक तास म्हणजे तीस अंश, असा हिशेब असतो. म्हणजे ते दुसरे विमान नाकाच्या डावीकडे साठ अंशांवर आहे. विमान वळले की सगळी घड्याळे त्याच्याबरोबर वळतात. धावपट्ट्यांवर रंगवलेले आकडे आपण पाहिले असतील : एका टोकाला ०९, दुसऱ्या टोकाला २७. त्या टोकाकडून धावपट्टीवर येणाऱ्या विमानाची दिशा दहा अंशांपर्यंत पूर्णांकित करून शेवटचे शून्य गाळले की तो आकडा मिळतो, आणि म्हणूनच दोन टोकांच्या आकड्यांत नेहमी अठराचा फरक असतो. ही दिशा बहुतेक ठिकाणी चुंबकीय उत्तरेपासून मोजलेली असते, आणि चुंबकीय उत्तर हळूहळू सरकत असते. त्यामुळे धावपट्टी तसूभरही हललेली नसताना काही वर्षांनी तिचा आकडा बदलून पुन्हा रंगवावा लागतो. लाखो टन काँक्रीट जिथल्या तिथे आहे आणि त्याची दिशा मात्र बदलली, हे वाक्य आपल्या वर्गात म्हणून पाहा. संदर्भरेषा म्हणजे काय हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागणार नाही.

आता वारा. हवामानशास्त्रात वाऱ्याची दिशा म्हणजे वारा ज्या दिशेकडून येतो ती दिशा. पश्चिमी वारे पूर्वेकडे वाहतात. ईशान्य व्यापारी वारे नैऋत्येकडे जातात. समुद्रातल्या प्रवाहाची दिशा मात्र पाणी ज्या दिशेकडे जाते ती. त्यामुळे पश्चिमेचा वारा आणि पूर्वेचा प्रवाह हे दोघे गळ्यात गळा घालून एकाच बाजूला निघालेले असतात, आणि भूगोल व भौतिकी एकाच दिवशी शिकणाऱ्या मुलाने यावर विश्वास कसा ठेवावा हे त्याचे त्याने पाहायचे. हवामानाच्या नोंदीत वारा ‘२७०, दहा मीटर प्रति सेकंद’ असा असेल तर तो पश्चिमेकडून येतो, म्हणून वेगाचा सदिश पूर्वेकडे रोखलेला आहे, म्हणून गणिताच्या रीतीने त्याचा कोन शून्य आहे. केवळ नव्वदातून वजा करण्याचे सूत्र पाठ असलेला विद्यार्थी इथे १८० असे उत्तर काढील आणि वाऱ्याला उलट्या पावली घालवील. सुरुवातीला ज्याला मी चौथी गोष्ट म्हटले ती हीच : नोंद बाणाच्या टोकाची आहे की शेपटाची. जाता जाता आणखी एक गंमत सांगतो. हवामानाच्या या नोंदींत उत्तरेच्या वाऱ्याला शून्य न लिहिता ३६० लिहितात, कारण शून्य हा आकडा वारा मुळीच नसल्याची खूण म्हणून राखून ठेवला आहे. दिशा आणि दिशेचा अभाव यांत गल्लत होऊ नये याची एवढी काळजी आपल्या पाठ्यपुस्तकांनी घेतली असती तर मी आज दुसऱ्या विषयावर बोललो असतो.

अध्यक्षांनी एकदा घड्याळाकडे पाहिले आहे, पण इतिहासातला एक माणूस आपल्यासमोर आणल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्याचे नाव कास्पर वेसेल. जन्माने नॉर्वेजियन, नोकरी डेन्मार्कमध्ये, आणि काम जमिनीच्या मोजणीचे व नकाशांचे. दिवसभर रेषांच्या लांब्या आणि दिशा यांचाच हिशेब करणाऱ्या या भूमापकाला प्रश्न पडला की दिशेची बेरीज-वजाबाकी आकड्यांसारखी करता येईल असे तिचे लेखन कसे करावे. १७९७ साली त्याने कोपनहेगनच्या विज्ञान अकादमीपुढे आपला निबंध सादर केला आणि १७९९ मध्ये तो छापला गेला. त्याची कल्पना अशी की प्रतलातला प्रत्येक रेषाखंड दोन भागांत लिहावा, एक भाग ठरवलेल्या अक्षावर आणि दुसरा त्याला काटकोनात. बेरीज करायची तर एकाचे टोक तिथे दुसऱ्याची सुरुवात ठेवावी, म्हणजे भागांत भाग मिळवावा. आणि गुणाकार करायचा तर लांब्यांचा गुणाकार व कोनांची बेरीज. आज आपण ज्याला संमिश्र संख्यांचे भौमितिक रूप म्हणतो ते हेच. निबंध डॅनिश भाषेत होता, तो गणितज्ञांच्या नजरेत यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि तोवर तीच कल्पना इतरांनी स्वतंत्रपणे मांडून झाली होती. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की आयुष्यभर कोन मोजणाऱ्या माणसाने हिशेबासाठी कोन बाजूला ठेवला आणि दोन घटक पत्करले. कोन मोजायला चांगला, सांगायला चांगला, हिशेबाला वाईट.

वाईट कसा, ते पाहायचे असेल तर ३५०° आणि १०° या दोन दिशांची सरासरी काढा. शाळेत शिकवलेली सरासरी १८०° येते. उत्तरेच्या किंचित डावीकडून आणि किंचित उजवीकडून आलेले दोन वारे मिळून दक्षिणेचा वारा! घटक काढून त्यांची बेरीज केली तर डावे-उजवे घटक एकमेकांना खोडतात, उत्तरेचे घटक मिळतात, आणि सरासरी नेमकी उत्तर येते, जी लहान मूलही बोट दाखवून सांगेल.

घटकांवरून पुन्हा कोनाकडे येताना कॅल्क्युलेटर नावाचा सापळा असतो. समजा घटक −३० आणि −४० आले. विद्यार्थी चाळीस भागिले तीस करतो, व्यस्त टॅनचे बटण दाबतो आणि ५३° लिहितो. परंतु ऋण भागिले ऋण म्हणजे धन. भागाकार करताक्षणी दोन्ही चिन्हे पुसली गेली आणि सदिश तिसऱ्या चरणात, म्हणजे पश्चिम आणि दक्षिण यांच्यामध्ये, होता ही माहिती कायमची नष्ट झाली. कॅल्क्युलेटरला दोष देऊन उपयोग नाही, त्याला आपण फक्त १.३३ हा आकडा दिला. त्याचे उत्तर नेहमी −९०° ते ९०° यांच्या दरम्यान असते, म्हणजे वर्तुळाचा डावा अर्धा भाग त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. क्ष-घटक ऋण असेल तर उत्तरात १८० मिळवावे, हा इलाज बरोबर आहे. इथे २३३° मिळतात. मात्र तो पाठ करून कामाचा नाही, आकृतीकडे पाहून सुचला पाहिजे.

संगणकवाल्यांनी यावर ‘ॲटॅन-टू’ नावाचा उपाय काढला. त्याला भागाकार न देता दोन्ही घटक वेगवेगळे द्यायचे, म्हणजे चिन्हे शाबूत राहतात आणि चरण तो स्वतः ओळखतो. इथवर सगळे उत्तम. पण बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत त्याला आधी य-घटक आणि मग क्ष-घटक द्यावा लागतो, तर प्रचलित स्प्रेडशीटमध्ये आधी क्ष आणि मग य. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की घटकांची अदलाबदल होते. आणि गंमत अशी की अदलाबदल झाली तर येणारे उत्तर निरर्थक नसते : गणिताच्या कोनाऐवजी बरोबर दिगंश मिळतो, उत्तरेपासून काट्यांच्या दिशेने मोजलेला! क्ष आणि य यांची जागा बदलणे म्हणजे पुन्हा तोच ईशान्येचा आरसा. हे उत्तर अंशांत नव्हे, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात येते हे विसरू नये, ऋण आले तर एक पूर्ण फेरा मिळवावा, पण हे ज्याला कळले त्याला रूपांतराचे सूत्र लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही.

आताच माझ्या हातात एक चिठ्ठी आली आहे. तिच्यावर ‘पाच मिनिटे’ एवढेच लिहिले आहे. कधीपासूनची पाच, ते लिहिलेले नाही. संदर्भाविना आकडा. असो. जाहीर केलेली पद्धत आता भराभर सांगतो.

दिशेचे प्रत्येक वर्णन आधी एका वाक्यात बसवा : अमुक मुख्य दिशेकडून, तमुक मुख्य दिशेला, इतके अंश, आणि अंश नव्वदाच्या आत ठेवा. ज्या दिशेकडून मोजले तिला कोसाइन मिळतो, ज्या दिशेला वळलो तिला साइन. चिन्ह सूत्रातून नव्हे, शब्दांतून येते : पूर्व आणि उत्तर धन, पश्चिम आणि दक्षिण ऋण. वाऱ्यासारखी ‘कडून’ची नोंद असेल तर शेवटी दोन्ही चिन्हे उलटी करा. बस्स. ‘क्ष-घटकाला कोसाइन आणि य-घटकाला साइन’ हे पाठांतर आजपासून विसरा, कारण ते फक्त एकाच रीतीत खरे आहे. उतारावरच्या ठोकळ्याच्या उदाहरणात वजनाचा उतारालगतचा घटक साइनने का येतो, हा वर्षानुवर्षांचा गोंधळही त्या पाठांतरातूनच आला आहे. तिथे उताराचा कोन हा वजनाची दिशा आणि उताराला लंब असलेली रेषा यांच्यामधला कोन आहे, म्हणून कोसाइन त्या लंबाकडे जातो. खात्री हवी असेल तर उतार शून्य करून पाहा : सपाट जमिनीवर ठोकळ्याला बाजूला ओढणारे काही नसते आणि शून्याचा साइन शून्यच असतो.

एक उदाहरण. पहिले विस्थापन १०० मीटर, दिगंश १२०. दुसरे ६० मीटर, दक्षिणेकडून पश्चिमेला २०°. पहिल्याचे वाक्य बनवा : १२० म्हणजे पूर्वेच्या पुढे तीस, म्हणजे पूर्वेकडून दक्षिणेला ३०°. घटक पूर्वेला ८६.६ आणि दक्षिणेला ५०. दुसऱ्याचे दक्षिणेला ५६.४ आणि पश्चिमेला २०.५. बेरीज पूर्वेला ६६.१, दक्षिणेला १०६.४. परिमाण सुमारे १२५ मीटर. परत कोनाकडे येताना मोठ्या घटकाची दिशा संदर्भ म्हणून घ्यावी, म्हणजे कोन पंचेचाळीसच्या आत राहतो आणि नुसत्या नजरेने तपासता येतो : मोठा घटक दक्षिणेचा, लहान पूर्वेचा, ६६.१ भागिले १०६.४ म्हणजे ०.६२, म्हणून दक्षिणेकडून पूर्वेला सुमारे ३२°. इथून ज्याला जी रीत हवी ती घ्या. दिगंश हवा तर १८० वजा ३२, म्हणजे १४८. गणिताचा कोन हवा तर २७० अधिक ३२, म्हणजे ३०२. नव्वद वजा १४८ करून पाहिले तर −५८, म्हणजे ३०२ च, पडताळाही झाला. दोन्ही उत्तरे वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी लिहिली तर दोघांनाही पूर्ण गुण द्या, मात्र संदर्भ लिहिलेला असेल तरच.

त्रिमितीसाठी राखून ठेवलेला वेळ वाऱ्याने नेला, म्हणून दोनच वाक्ये. तिथे दोन कोन लागतात, एक उभ्या अक्षापासून आणि एक आडव्या प्रतलात, आणि त्यांना जी दोन ग्रीक अक्षरे देतात ती भौतिकीच्या पुस्तकांत आणि गणिताच्या अनेक पुस्तकांत नेमकी उलटी असतात, तेव्हा पुस्तक बदलले की आधी आकृती पाहावी. त्याऐवजी तिन्ही अक्षांशी होणाऱ्या कोनांचे कोसाइन द्यावेत हे मला अधिक सरळ वाटते, कारण त्यांच्या वर्गांची बेरीज एक आलीच पाहिजे आणि चूक झाली तर ती तिथेच सापडते. घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे जाणारा कर्ण तिन्ही कडांशी सारखाच कोन करतो. तो किती, असे विचारले की बहुतेक हात पंचेचाळीसवर वर होतात. पंचेचाळीसच्या कोसाइनचा वर्ग अर्धा, तीन अर्ध्यांची बेरीज दीड, म्हणजे ते अशक्य आहे. प्रत्येक कोसाइनचा वर्ग एक तृतीयांश असला पाहिजे आणि कोन येतो सुमारे ५४.७°. चिठ्ठी पुन्हा आली आहे, तेव्हा प्रश्न घेऊ या.